चौदा नंबरचा बेहडा

मुलांनो,

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी तुम्हाला फोनवर सांगितलं की चौदा नंबरचा बेहडा वाऱ्याने पडला. मग धाकट्याने विचारलं, "आणि घुबडं कुठे गेली?" मी म्हटलं, दुसऱ्या झाडावर. यातलं काहीच खरं नव्हतं. त्या आठवड्यात वारा नव्हता, आणि घुबडं कुठे गेली ते मला माहीत नव्हतं.

हे मी फोनवर सांगू शकत नाही. फोनवर तुमचे चेहरे दिसतात आणि मग तुम्हाला बरं वाटेल तेच तोंडातून येतं. म्हणून लिहिते आहे. थोरलीला आता मराठी सावकाश वाचता येतं. तिने स्वतः वाचावं आणि धाकट्याला वाचून दाखवावं.

तुम्ही इथे होतात तो हिवाळा आठवा. सकाळी मागच्या ओट्यावर आपण तिघं दुलया गुंडाळून बसायचो. समोर तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे गावच्या देवीची राई. रस्त्याच्या बाजूला कंपनीची उंच भिंत होती, तिच्याआड दर थोड्या वेळाने लोखंडी पत्रे दाबणारा प्रेस आपटायचा, धप्प, आणि ओट्यावरच्या कपातला चहा हलायचा. सातच्या भोंग्याला पहिली शिफ्ट आत जायची. राईत मात्र त्या वेळी धुकं असायचं आणि धुक्यात झाडांचे नुसते बुंधे दिसायचे, वरचं काही नाही. थोरली म्हणाली होती, "आजी, झाडांना डोकी नाहीत." मी ते वहीत लिहून ठेवलं आहे.

हिवाळ्यात इथे जे येतं आणि जातं ते सगळं मी वहीत लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरच्या मध्याला कुंपणाच्या खांबावर थिरथिरा येतो, लांबून उडत आलेला, काळा आणि पोटाशी विटकरी, आणि उतरल्या उतरल्या शेपूट थरथरवत बसतो. मग उंबराला फळं धरली की धनेशांची जोडी येते. डिसेंबरात बोरं पिकतात आणि कुंपणाखालच्या मातीत खोकडाची पावलं दिसू लागतात. जानेवारीत काटेसावर पूर्ण उघडी पडते. आणि हा सगळा काळ बेहडा आपली फळं टाकत असायचा.

तो आमच्या हद्दीत नव्हता, राईच्या जागेत होता, पण त्याची एक मोठी फांदी ओट्याच्या पत्र्यावर आली होती. दिवेलागणीच्या सुमाराला फळं पडायची. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, आणि फळ पत्र्यावरून घरंगळत खाली. पहिल्या संध्याकाळी तुम्ही दोघं घाबरून माझ्या पदरात शिरलात. शेजारच्या अक्का तेव्हा दूध घेऊन आल्या होत्या. त्या हसल्या आणि तुम्हाला आणखी घाबरवलं. "बेहड्यावर राहनारी मंडळी हायती ती. मोजत बसत्यात, घरात मानसं किती. तिन्हीसांजेला खाली जाऊ नगा रं." तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते की पिकलं फळ थंडीत देठापाशी सुटतं, इतकंच. ते नव्हते, म्हणून ते वाक्य मी म्हटलं.

अक्कांनीच तुम्हाला राईचा नियम शिकवला. राईतून काही न्यायचं नाही. वाळकी काटकी नाही, पान नाही, फूल नाही. बाहेर पडताना चपला एकमेकींवर आपटायच्या, बायकांनी पदर झटकायचा, म्हणजे आईची माती आईपाशी राहते. आई म्हणजे राईच्या मधोमध शेंदूर लावलेली जी शिळा आहे ती. तुम्ही दोघं फार मन लावून चपला आपटायचात. आणि तरीही परत जाताना तुमच्या बॅगेत, लोकरीच्या मोज्यात लपवलेले तीन बेहडे होते. बॅग मीच भरली. मी ते पाहिले, मोजा पुन्हा गुंडाळला आणि काही बोलले नाही. मला तो नियम आवडायचा, पण तो गावाचा होता असं मी धरून चालले होते.

आता आकड्यांबद्दल.

तुम्ही गेल्यावर रविवारी फोनवर मी सांगायची, आज वाकड्या झाडाच्या शेजारच्या झाडावर शिक्रा बसला होता, आणि तुम्ही विचारायचात, कुठलं वाकडं? त्यातून धाकटा म्हणाला, "नंबर दे ना त्यांना." मला ती कल्पना फार पटली. मी आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना आकडे चिकटवले आहेत. आकडा दिला की वस्तू हरवत नाही, असं मला वाटतं. वाटायचं.

तळवड्याच्या रस्त्याने जाताना कडेच्या झाडांवर मी आकडे पाहिले होते. गेरूचा पट्टा आणि त्यावर पांढरा आकडा. किती नीटस ओळ होती ती. मला वाटलं, कुणीतरी झाडांची गणती करतंय. तसाच गेरू मी आणला, फाटकावरच्या पाटीवर मी आजोबांचं नाव आणि घराचा नंबर रंगवला होता त्यातला पांढरा ऑइलपेंट अर्धा डबा शिल्लक होता, आणि फेब्रुवारीच्या चार सकाळी मी तेवीस झाडांवर आकडे घातले. पहिली तेरा माझ्या हद्दीतली, पुढची दहा कुंपणापलीकडची, राईची. कुणाला विचारलं नाही. मी काही नेत नव्हते, काही तोडत नव्हते, खिळासुद्धा ठोकत नव्हते. माझ्या हिशेबाने नियम मोडला नव्हता.

गावाने ते पाहिलं नाही, कारण गाव राईत पलीकडून, देवळाच्या वाटेने येतं. आमच्या बाजूचा रस्ता कंपन्यांचा. तिथून कंटेनर जातात, पाळीवरचे कामगार सोडले तर माणूस चालत नाही. अक्कांनी पाहिलं. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे चांगलं दिसत न्हाई." मी विचारलं का, तर म्हणाल्या, "का ते मला बी ठावं न्हाई. हायवेच्या वडावर असंच लिवलं व्हतं." मी हसले. हायवेवरचे ते वड आता नाहीत, हे मला माहीत होतं. दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि मी त्या जोडल्या नाहीत. इतकी वर्षं पुस्तकं लावलेल्या बाईकडून ही चूक झाली.

सप्टेंबरच्या शेवटी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते तुम्हाला आठवत असेल. मी दहा दिवस रहाटणीला माझ्या बहिणीकडे होते. ऑपरेशनच्या सकाळी माझा फोन बंद करून तिच्या पर्समध्ये ठेवला होता. नंतर सुरू केला तेव्हा त्यावर अक्कांच्या मुलाचे तीन मिस्ड कॉल होते. मला वाटलं, डोळ्याची चौकशी करायला केला असेल. मी उलट फोन केला नाही.

परत आले तेव्हा दुपार होती. रिक्षातून उतरले, फाटक उघडलं, घराला वळसा घालून मागे गेले. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं. त्या लख्ख डोळ्याला ओट्यावर पहिलं दिसलं ते आभाळ. जिथे बेहडा होता तिथे नुसतं पांढरं आभाळ होतं आणि त्याच्या खाली कंपनीची भिंत, जी मला कधीच इतकी जवळ दिसली नव्हती.

अकरा, बारा, तेरा आणि चौदा. रस्त्यालगतची चारही गेली होती. ओंडके नेलेले होते. बुंध्याचा एक जाड तुकडा, त्यांना नको असलेला, कुंपणापाशी पडला होता. त्यावर माझा आकडा होता. १४. सुरेख, ठळक, ओळीत.

काय झालं असेल ते मला आकडा पाहताच कळलं, तपशील मागाहून विजेच्या लाइनवरच्या माणसांकडून कळले. रस्त्याच्या पलीकडच्या एका नव्या शेडसाठी विजेची लाइन यायची होती. तिकडच्या चार बाभळी तोडायची परवानगी होती. त्यांच्यावरचे खडूचे आकडे पावसात धुऊन गेले होते. ठेकेदाराच्या माणसांना सांगितलं होतं, नंबर असलेली झाडं काढा. त्यांनी नंबर असलेली झाडं काढली.

मी काय केलं ते आता लिहिते. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धूळ डोळ्याला लागू द्यायची नाही असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी काळा चष्मा लावून, रॉकेल आणि तारेचा घासणा घेऊन बाहेर पडले आणि उरलेल्या एकोणीस झाडांवरचे आकडे घासून काढले. गेरू लवकर निघाला. पांढरा रंग सालीच्या भेगांत राहिला, तो मी चाकूच्या टोकाने उकरला. बुंध्याच्या तुकड्यावरचा आकडा मात्र निघेना. शेवटी पहार लावून तो तुकडा पालथा घातला, आकडा जमिनीकडे. पहार खाली ठेवून मान वर केली तर कुंपणाच्या पलीकडे अक्कांचा मुलगा उभा होता. रात्रपाळी करून येत होता, पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्याने माझ्याकडे पाहिलं. झाडांकडे पाहिलं. मग म्हणाला, "काकू, डोळा जपा," आणि गेला.

त्याच संध्याकाळी गावातल्या बोलण्यावरून आणि फोनवरच्या त्या तीन मिस्ड कॉलवरून मी जुळवलं की झाडं तोडली गेली त्या दिवशीही तो असाच पाळीवरून येत होता. ठेकेदाराची माणसं क्रेन घेऊन माझ्या रस्त्याकडच्या तारेच्या फाटकाशी अडली होती. ती म्हणाली, कागद आहे, नंबर टाकलेत. त्याने मला तीन वेळा फोन लावला, लागला नाही. नंबर माझे आहेत हे त्याला अक्कांकडून माहीत असणार. बाईंनीच सांगितलं असणार असं समजून त्याने तार बाजूला केली. आता गाव म्हणत होतं की त्याने ठेकेदाराकडून पैसे खाल्ले आणि आईचं झाड दाखवून दिलं. नंबर कुणी टाकले, असं त्याला चावडीवर विचारलं. तो म्हणाला, "मला काय ठाव."

मग दसरा आला. इथे संध्याकाळी सगळे देवळापाशी जमतात आणि एकमेकांना आपट्याची पानं, सोनं देतात. मी पायरीवर बसले होते. अक्कांचा मुलगा हातात पानांची जुडी घेऊन एकेकापुढे जात होता. माणसं वाईट बोलली नाहीत. फक्त त्यांचे हात कशात तरी गुंतलेले होते. कुणी फोनवर, कुणी पोराचं नाक पुसतंय, कुणी टोपी नीट करतंय. "घे की राव, सोनं हाय," तो एका मित्राला म्हणाला. मित्र म्हणाला, "हाय रं भावा, पन लई झालं, खिशात जागा न्हाई." सगळी जुडी तशीच राहिली. शेवटी तो माझ्यापुढे आला, वाकला आणि म्हणाला, "सोनं घ्या काकू." मी घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं. पदराच्या टोकाला बांधून घरी आले. ती पानं अजून माझ्या वहीत आहेत.

त्या रविवारी तुम्हाला मी वाऱ्याचं सांगितलं होतं, ते याच्या आधी चारच दिवस.

हिवाळा सुरू झाला. थिरथिरा नेहमीच्या वेळेला आला, नेहमीच्या खांबावर बसला. धनेश आले. बेहड्याच्या ढोलीतली ती पिंगळ्यांची जोडी, तुम्ही जिला घुबडं म्हणता ती, पहिले काही आठवडे संध्याकाळी फाटकावर येऊन बसायची. अंग घराकडे आणि मान वळवून, जिथे ढोली होती त्या उंचीवर, त्या मोकळ्या जागेकडे बघत. मग एका संध्याकाळी एकच आला. त्यानंतर एकही नाही. वहीत मी तारीख घालून लिहिलं, "पिंगळा : दिसला नाही." पुढचे पंधरा दिवस तेच लिहिलं, मग लिहायचं सोडलं.

आणि मार्गशीर्षात, थंडी पडली तशी, पत्र्यावर आवाज सुरू झाला.

टक्.

दिवेलागणीला, त्याच वेळेला. पहिल्या दिवशी मी ओट्यावर भाजी निवडत होते. हात आपोआप थांबला, घरंगळण्याची वाट बघत. घरंगळलं नाही. मी बाहेर येऊन वर पाहिलं. वर काहीच नव्हतं, फांदी नव्हती, आभाळ होतं. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून पत्रा पाहिला. स्वच्छ. मी पत्र्यावर राख पसरली, काही पडलं तर ठसा उमटेल म्हणून. सकाळी राख तशीच होती, दवाने भिजलेली. आजोबांनी म्हटलं असतं ते वाक्य मी त्यांच्या आवाजात स्वतःला म्हणून दाखवलं. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी गार होताना आकसतो आणि वाजतो. बरोबर आहे. पत्रा तेव्हाही आकसत असणार, फळांच्या आवाजात ते वेगळं ऐकू येत नसेल. हे सगळं बरोबर आहे, आणि तरी मी वहीत दोन नवे रकाने आखले. एका रकान्यात आवाज, दुसऱ्यात फळ. आवाज : चार. फळ : नाही. आवाज : सहा. फळ : नाही. महिनाभर दुसऱ्या रकान्यात तो एकच शब्द आहे. अक्का म्हणाल्या होत्या तसं कुणीतरी घरातली माणसं मोजत असेल तर ते एकावरच थांबायला हवं होतं.

भोगीच्या दिवशी अक्का तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी घेऊन आल्या. इतके दिवस त्या फाटकातूनच दूध देऊन जात होत्या. आत येऊन ओट्यावर टेकल्या. संध्याकाळ होत होती. टक् झालं. दोघींनीही वर पाहिलं.

"पत्रा वाजतो," मी म्हटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पत्रा."

मग बराच वेळ त्यांनी बोटांनी डब्याचं झाकण फिरवलं. "माघातल्या पुनवेला आईचा निवद हाय. पयला निवद आमच्या घरचा असतो, माज्या आजेसासूच्या आधीपासून. यंदा म्हनं दुसऱ्या घरचा घेनार."

मी म्हटलं, "अक्का, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"नगा सांगू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यानं त्याच दिशी घरी येऊन सांगितलंय. तुमी झाडं घासत व्हता म्हनून. म्याच त्याला म्हनलं, गप बस. बाई एकटी हाय. गावात तिचं कोन हाय? आपली भावकी आज रुसंल, उद्या येईल. तिच्याकडं कोन येईल?"

भाकरी अजून ऊन होती. मी ती हातात धरून बसले. मुलांनो, इतके दिवस मला वाटत होतं की मी एक गोष्ट लपवते आहे. खरं म्हणजे ती गोष्ट ते दोघं लपवत होते, आणि मी नुसती त्यांच्या आडोशाला उभी होते.

माघी पौर्णिमेला सकाळी मी राईत गेले, गावाच्या वाटेने, पलीकडून. धुकं उठत होतं. शिळेभोवती तीस-चाळीस माणसं होती. बायकांच्या हातात झाकलेली ताटं होती, पुरणाचा वास होता. अक्का आपलं ताट घेऊन अगदी मागे उभ्या होत्या, पंगतीत जागा आहे की नाही हे माहीत नसलेल्या पाहुण्यासारख्या. त्यांचा मुलगा आणखी मागे, एका झाडाशी. गुरवाने पूजा केली, घंटा वाजवली आणि दर वर्षी विचारतात तसं मोठ्याने विचारलं, "आईचा पयला निवद कुनाच्या घरचा?"

मग एक म्हातारे गृहस्थ, टोपीला पीस लावल्यासारखे ताठ, म्हणाले, "ज्यानं आईचं झाड इकलं त्याच्या घरचा नगं. बाकी कुनाचा बी चालंल."

मी पुढे झाले आणि म्हटलं, "झाड त्याने विकलं नाही. झाडांवर नंबर मी टाकले होते. ते पाहून त्यांनी तोडलं."

क्षणभर नुसता कंपनीचा प्रेस ऐकू आला, धप्प. मग ते म्हातारे म्हणाले, "तुमी? झाडास्नी नंबर? कशापायी? शाळंत घालायची व्हती व्हय?" दोघं-तिघं हसले. एक बाई म्हणाली, "बाई मनानं चांगली हाय. त्याला वाचवाया बोलती." आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. हे माझ्या कल्पनेत कधीच आलं नव्हतं. माझ्यावर कुणी विश्वासच ठेवत नव्हतं.

"चला," मी म्हटलं. "दाखवते."

सगळं गाव राईतून आडवं चालत माझ्या कुंपणापर्यंत आलं. तो तुकडा तिथेच पालथा पडला होता, कडेने गवत आलेलं. मला तो उलटवता येईना. मी हात लावून ओढत राहिले आणि सगळे बघत राहिले. मग अक्कांचा मुलगा गर्दीतून पुढे आला, पाय रोवून एका झटक्यात त्याने तो उलटा केला. खालची माती काळी आणि ओली होती, त्यातून वाणी किडे निघून सरपटत गेले. साल कुजायला लागली होती. पण ऑइलपेंट कुजत नाही. १४. माझ्या फाटकावरच्या पाटीतला चार आणि हा चार एकाच हाताचे आहेत हे तिथल्या कुणालाही कळलं असतं. ते म्हातारे दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, खात्री करून घ्यायला.

गुरव म्हणाला, "मग इतकं दिस गप का ऱ्हायलात?"

"भीती वाटली."

"कुनाची, आईची?"

"नाही," मी म्हटलं. "तुमची."

यावर कुणी हसलं नाही. मी बाकीचंही सांगितलं. दरवर्षी वहीत दाबून ठेवलेली राईतली पानं. मोज्यातले तीन बेहडे. तुमची नावं घेतली नाहीत, नातवंडं म्हटलं. गुरवाने म्हाताऱ्यांशी हळू आवाजात बोलून घेतलं आणि मग जुना नियम सांगितला, जो मला इतक्या वर्षांत कुणी सांगितला नव्हता कारण लागलाच नव्हता. राईतनं गेलेलं राईत आलं पाहिजे. आणि राईचा गुन्हा पाण्याने फेडायचा. जिथे झाड होतं तिथे रोज एक कळशी, आपल्या हाताने, पाऊस पडेपर्यंत.

"वयाकडं बघून अर्धी कळशी चालंल," तो म्हणाला.

"पूर्ण," मी म्हटलं.

सगळे परत शिळेपाशी गेले. गुरवाने पुन्हा विचारलं, आणि आता अक्कांच्या घरचं नाव चार तोंडांतून एकदम आलं. दसऱ्याला ज्याच्या खिशात जागा नव्हती तो मित्र अक्कांच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "बोलायचं नाय का रं तवा, भावा?" अक्कांच्या मुलाने तो हात खाली केला. जोराने नाही, पण केला.

अक्का निवद दाखवून माझ्या शेजारून गेल्या आणि मला वाटलं, त्या काही बोलतील. त्या बोलल्या. "काय गरज व्हती, बाई? आता आमी बी खोटं बोललो ते गावाला कळलं." आणि पुढे गेल्या. दूध अजून येतं, फाटकातूनच. मी ते चूक मानत नाही. थोडा वेळ लागेल, किंवा हा दुरावा जाणारही नाही.

बाहेर पडताना मी चपला आपटल्या, पदर झटकला. पहिल्यांदाच मला तो नियम माझा वाटला, आणि पहिल्यांदाच पदरातून काही खाली पडतंय का ते मी वाकून पाहिलं.

राईची ती दाबलेली पानं मी दुसऱ्या दिवशी राईत ठेवून आले. एकावन्न होती. त्यांच्या जागी वहीत आता फिकट डाग आहेत. रोज उजाडताना मी एक कळशी नेते. कंपनीच्या भोंग्याच्या आधी, कारण भोंगा झाला की वाटतं कुणीतरी बघतंय. बुंध्याच्या कडेला पाणी ओतते, ते जिरताना चूळ भरल्यासारखा आवाज येतो. सावर कळ्यांनी भरली आहे. पळसाला काळ्या मखमली कळ्या आल्या आहेत, चार दिवसांत पेटेल. थिरथिरा जायच्या तयारीत आहे. हिवाळा संपला.

पत्रा अजून वाजतो. ऊन वाढलं की थांबेल असं वाटलं होतं. काल आवाज : तीन. दुसऱ्या रकान्यात मी आता काही लिहीत नाही, तो कोरा सोडते.

थोरले, धाकट्याला सांग, घुबडं कुठे गेली ते मला माहीत नाही. मी रोज बघते.

आणि तुम्ही दोघं आता शोधा. मोजे लहान झाले असतील, आईने कुणाला तरी दिले असतील, पण बेहडे टणक असतात, कुठल्यातरी डब्यात, ड्रॉवरमध्ये, खेळण्यांच्या तळाशी असतील. तिन्ही हवेत. पोस्टाने पाठवू नका. उन्हाळ्यात येणार आहात ना, तेव्हा स्वतः आणा, आणि राईत जाताना खिशात नको, उघड्या हातावर धरा.

तुमची,
आजी